कंडक्टरची सीट असलेली शर्यतीची गाडी

आमच्या शेजारचे नाना घराबाहेर पडताना उजवा हात काढून दाखवतात. पायी निघालेले असताना. हातात दुधाची किटली असली तर ती आधी डाव्या हातात जाते, मग उजवा हात आडवा होतो, मग नाना मान वळवून मागे बघतात आणि मगच गल्लीत उतरतात. कोपऱ्यावर पुन्हा हात. समोरून म्हैस आली तर नाना कडेला थांबतात आणि हाताने तिला ‘जा पुढे’ अशी खूण करतात. म्हैस जाते. आमच्या कडा गावातल्या म्हशींना आता नानांची सवय झाली आहे. माणसांना अजून झालेली नाही.

नाना एसटीत ड्रायव्हर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण पाय अजून ब्रेकवरच आहे. घरात कुणाचा आवाज चढला, की त्यांचा उजवा पाय फरशीवर दाबला जातो. “दमानं. गाडी आपली हाय, रस्ता आपला न्हाई,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चहा गरम असला तरी तेच, शेजारी घटस्फोट होत असला तरी तेच. त्यांच्या गाडीत बसलेली नवरी बीडला पोचेपर्यंत तिची मेंदी उतरायची, असं आई सांगते. पण नानांच्या गाडीखाली कधी कोंबडीसुद्धा आली नाही, हेही तीच सांगते.

एक गोष्ट मात्र कुणाला कळायची नाही. रस्त्यावरून एसटी चालली की नाना पाठ फिरवायचे. किराणा दुकानाच्या बंद शटरकडे तोंड करून उभे राहायचे आणि गाडी दिसेनाशी झाली की पुन्हा चालू लागायचे. आम्हाला वाटायचं, हल्लीच्या ड्रायव्हरांचा वेग त्यांना बघवत नाही.

अशा माणसाने गेल्या हिवाळ्यात शर्यतीची मोटार करायला घेतली. लाकडाची. टायरच्या दुकानातलं एक जुनं कॅलेंडर त्यांच्या हाती लागलं होतं. त्यावर परदेशातली फार जुनी मोटार होती: लांबच लांब नाक, तारांची चाकं, वर छप्पर नाही, आणि गॉगल लावलेला एकच माणूस आत कोंबलेला. नानांनी लिंबाचा ओंडका आणला, सुताराकडून पटाशी मागून घेतली आणि ओसरीत बसले. मापाची पद्धत त्यांचीच होती. खऱ्या मोटारीचा एक फूट म्हणजे नानांचं एक बोट. खरी मोटार किती फुटांची, हे विचारल्यावर म्हणाले, “आपल्या गाडीच्या अर्धी धरली. दिसती तेवढीच.”

हाताला कसब काडीचं नव्हतं. एक चाक चपटं, एक अंड्यासारखं. चाकांच्या तारांसाठी घरातल्या दोन्ही छत्र्या मोडल्या. सुतार पटाशी परत न्यायला आला, बराच वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, “नाना, मोटार हाय का दुधी भोपळा?”

“दमानं. अजून रंग द्यायचाय.”

मला रागच यायचा. आमच्या घरात पंचांगाच्या आधी पत्रकं आली. वडिलांनी मला बाराखडीसुद्धा मोर्चाच्या पत्रकावर बोट ठेवून शिकवली. मी नानांना सुनावलं, “नाना, असल्या मोटारी सरदार-सावकारांची पोरं उडवायची. आपल्या गावाला संध्याकाळची बस नाही आणि तुम्ही शर्यतीची गाडी करताय!”

“आसंल, बाई,” नाना फुंकर मारून भुसा उडवत म्हणाले. “पण पळती बग लई.”

मग माझं लक्ष मागच्या बाजूला गेलं. चालकाच्या पाठीमागे नानांनी आणखी एक सीट कोरली होती. तिच्यावरून एक दोरी पुढे नेली होती आणि दोरीच्या टोकाला बकरीच्या गळ्यातली पितळी घंटी.

“हे चित्रात कुठंय?”

“चित्र काढनाराचं चुकलंय. कंडक्टरबिगर गाडी कशी निगंल?”

शर्यतीच्या गाडीत कंडक्टर! मी हसत सुटले आणि गल्लीभर सांगून आले.

पुढे आम्ही संध्याकाळच्या बससाठी चौकात सभा घेतली. पत्रक मी लिहिलं. वक्त्यांत नानांचं नाव घातलं आणि खाली ठसठशीत छापलं, ‘निष्कलंक सेवेचे मानकरी’. नाना आले ते गोणपाटात गुंडाळलेली मोटार काखेत मारून. रंग ओला होता, घरी ठेवली तर मांजर बसेल म्हणे. मी माइकवरून त्यांची ओळख करून दिली. नाना उठले. हातातल्या पत्रकाकडे बघितलं, लोकांकडे बघितलं. “माज्याकडून न्हाई व्हायचं,” एवढंच म्हणाले आणि हात दाखवून स्टेजवरून उतरले. गोणपाट सुटला, मोटारीचं नाक बाहेर आलं, घंटी वाजत राहिली. सगळा चौक हसला. मागून कुणीतरी ओरडलं, “संध्याकाळची बस आली रे!” माझे कान तापले. पुढची भाषणं मी खाली मान घालूनच ऐकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भांडायलाच गेले. नाना ओसरीत बसले होते, समोर माझं पत्रक.

“बाई, हा शब्द खोडा,” ते म्हणाले आणि ‘निष्कलंक’वर बोट ठेवलं.

“का?”

नाना पत्रकाकडे बघतच बोलायला लागले.

“खंडू माजा कंडक्टर. लई वर्सं येका गाडीवर काडली आमी. येक दिवस गाडीत कालेजची पोरं हुती. सारखी मागं लागलेली. ‘नाना, उतरून ढकलू का? नाना, बैलगाडी साइड मागती, द्या की!’ बाया बी हसाया लागल्या. येका फाट्यावर खंडू खाली उतरला, म्हातारीचं गठुडं उतरवाया. तेवड्यात पोरांनी दोरी वढली. दोन टोले पडले. दोन टोले म्हंजी गाडी सोडायची.”

“मग तुमची काय चूक? तुम्हाला वाटलं कंडक्टरनेच...”

“न्हाई वाटलं!” नानांचा आवाज पहिल्यांदाच चढला, आणि त्यांचा स्वतःचाच पाय फरशीवर दाबला गेला. “खंडूचा हात मला झोपंत बी कळायचा. येक टोला, जरा दम, मग दुसरा. ही बेल त्येची न्हाई, ह्ये मला कळलं हुतं. आरशात बी दिसत हुता त्यो. तरी मी गाडी काडली. अन् पळवली, बाई. लई पळवली. पोरं वरडत हुती. वारं लागत हुतं. मला मजा आली.”

हे शेवटचं त्यांनी इतकं हळू सांगितलं, की मीच दुसरीकडे बघितलं.

खंडू स्टँडवर आला तो उसाच्या ट्रॅक्टरवर बसून, गळ्यात तिकिटाची पेटी. सगळा स्टँड हसला. डेपोच्या साहेबांनी दोघांना समोर उभं केलं. खंडू म्हणाला, “मीच गाडीच्या पत्र्यावर थाप मारून सांगितलं, जा म्हनून. मागून आलो.” नाना शेजारी उभे होते. काही बोलले नाहीत. ठपका खंडूवर आला, बदली झाली. नाना रिटायर झाले तेव्हा एकही अपघात न केल्याबद्दल त्यांना शाल मिळाली.

“घेतली मी शाल,” नाना म्हणाले. “पांगरली बी.”

“नंतर भेटलात का त्यांना?”

“कोनत्या तोंडानं? आता ही गाडी न्यावी म्हनतो. त्येची सीट हाय हिच्यात.”

त्या सीटवरून मी गल्लीभर हशा पिकवला होता. तो दिवस मी काळी शाई घेऊन भिंतीभिंतीवर चिकटवलेल्या पत्रकांतला ‘निष्कलंक’ खोडत फिरले. लोकांना वाटलं, माझं आणि नानांचं बिनसलं. काहींना आनंदही झाला.

खंडूकाका सिरसाळ्याला असतात, असं कळलं होतं. एसटीने एकटं जायला नाना तयार होईनात, म्हणून मी सोबत गेले. नाना सगळ्यात मागच्या सीटवर, डोक्यावरून पंचा ओढून, मांडीवर गोणपाट. कुणी ओळखू नये म्हणून एवढी खटपट, आणि मोटारीचं नाक बाहेर येऊन उतारूंच्या गुडघ्यांना लागत होतं. “वीणा हाय का ओ?” एका बाईने विचारलं. कंडक्टरने बेल दिली की पंच्याखाली नाना डोळे मिटायचे. सगळी गाडी आमच्याकडे बघत होती. मला लाज वाटत होती, आणि ती वाटते याचीही वाटत होती.

खंडूकाका घरासमोर बाजेवर बसले होते. गुडघे गेलेले, भोवती शेळ्या. नाना फाटकात दिसले तसं त्यांनी कपाळावर हात धरून बघितलं.

“लेट आलास बे,” ते म्हणाले.

नानांनी गोणपाट सोडला आणि मोटार बाजेवर ठेवली. मग दोघं तिच्याकडे बघत बसले. आम्हाला चहा आला, तो पिऊन झाला, तरी दोघांची नजर मोटारीवरच. शेवटी नाना गुडघ्यावर हात टेकून उठू लागले. तेवढ्यात एका शेळीने दोरी तोंडात धरून ओढली. घंटी वाजली. एकदाच. एक टोला म्हणजे थांबायचं. नाना होते तसेच, अर्धे उठलेले, थांबले.

“बग, थांब म्हनती ती,” खंडूकाका म्हणाले. “मागची सीट कुनाची?”

“तुजी.” नाना खाली बसले. “खंडू, त्या दिशी बेल तुजी नव्हती. मला ठावं हुतं.”

“मला बी ठावं हुतं.”

“मग सायबाला खोटं कावून सांगितलंस?”

खंडूकाकांनी शेळीच्या तोंडातून दोरी सोडवली. “मागून बगितली की गाडी. धुरळा उडवत निगालती. जलमात पयल्यांदा. म्हनलं, येकदा पळतंय गडी, पळू दे.” त्यांनी शेळीला बाजूला सारलं. “लोकं हसली, बदली झाली, त्येचं काय न्हाई. तू आला न्हाईस.”

नानांचा उजवा पाय मातीत दाबला गेला. बराच वेळ तो उचललाच नाही.

बसची वेळ झाली, असं मीच म्हणाले. नाना उठले, फाटकापाशी गेले, हात बाहेर काढला आणि तसेच उभे राहिले. पाय पुढे पडेना. मला कळलं, ते बेलची वाट बघत होते. खंडूकाकांनी दोरी ओढली. एक टोला. आम्ही दोघंही दुसऱ्या टोल्याची वाट बघत राहिलो.

“दुसरा न्हाई मिळायचा,” बाजेवरून आवाज आला. “मुक्कामी गाडी हाय ही.”

मी एकटीच निघाले. नाना मला सोडायला रस्त्यापर्यंत आले. त्यांच्या मागे एका दुकानाचं बंद शटर होतं. बस आली, मी चढले आणि खिडकीतून त्यांच्याकडे बघत राहिले. नानांनी पाठ फिरवली नाही. कंडक्टरने दोन टोले दिले, आणि नानांनी उजवा हात आडवा करून आमच्या गाडीला खूण केली. म्हशीला करतात तशीच. जा पुढे.