झाडाला आवतण

"काय वं इहीणबाई, तुमी तर साऱ्या पिंपळवंडीला झाडपाला देता म्हनं. मग ह्या झुडपाचं नाव काय?"

चिमाबाईंनी हा प्रश्न जुन्नरच्या कचेरीमागच्या बागेत चार बायकांच्या देखत, लेकीला भेटायला आलेल्या धोंडाबाईंना विचारला. झुडूप कमरेएवढं, पानं खरबरीत, फुलं जांभळी, मधे पिवळा ठिपका. लेण्याद्रीच्या डोंगरावरचा सगळा पाला ओळखणाऱ्या या बाईने असलं ध्यान जन्मात पाहिलं नव्हतं. माळी बहिरूला विचारलं, तर तो म्हणाला, "गोऱ्या सायबानं मुंबैहून आनून लावलं, नि बदली झाली तसा गेला निघून. नाव कुनाला पुसावं?"

"असू द्या," चिमाबाई गोड हसल्या. "समद्यांनाच समदं कुटं येतंय?"

ते गोड हसणं धोंडाबाईंच्या जिव्हारी लागलं. स्वतःसाठी नव्हे. त्यांची लेक इंद्रायणी याच बाईच्या घरात नांदत होती, आणि उद्यापासून आमटीत मीठ जास्त झालं तरी तिला आईचं हे झुडूप ऐकावं लागणार होतं.

"उद्या गाडीत बसायच्या आदी नाव सांगते," धोंडाबाईंनी ठणकावलं.

पान चोळून वास घेतला, देठ चावून पाहिला, की कुठल्याही झाडाचं कूळ त्यांना कळे. पण औषधाच्या झाडाला आदल्या दिवशी आवतण दिल्याशिवाय हात लावायचा नाही, ही त्यांच्या घराण्याची रीत. आणि अनोळखी झाड औषधाचं नसेलच कशावरून? तेव्हा दिवेलागणीला त्या एकट्याच बागेत गेल्या, झुडपाला हळदकुंकू वाहिलं, मूठभर तांदूळ टाकले आणि "उद्या न्यायला येते रं बाबा," असं रीतसर सांगून आल्या.

सकाळी जाऊन पाहतात तो झुडूप दिसेना! बायकांनी त्याला गराडा घातला होता. हळदकुंकू पाहून पहिलीने नारळ फोडला, नारळ पाहून दुसरीने ओटी भरली, आणि बहिरूने भोवती दगड मांडून त्यांना चुनाही फासला होता. अत्तरवाले पीरमहंमद उदबत्त्यांची टोपली घेऊन फाटकाशी बसले होते.

"सरका, मला एक पान घिऊ द्या," म्हणत धोंडाबाई आत घुसल्या.

बहिरू आडवा आला. "देवीच्या झाडाला हात न्हाई लावायचा!"

"अरं कसली देवी? काल सांजच्याला ती हळद मीच वाह्यली!"

बहिरूने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. "म्हंजी दृष्टांत तुमास्नी झाला व्हता, आई!"

दृष्टांत नव्हे, आवतण, हे धोंडाबाई ओरडून सांगत होत्या. पण ऐकतो कोण? पायाशी रांग लागली होती आणि रांगेत चिमाबाईही होत्या. तेवढ्यात पीरमहंमद पुढे आले. "बाई, देवीचं नाव तरी सांगा. गिऱ्हाईक इचारतंय."

आली का पंचाईत! ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तेच आता सगळा गाव त्यांना विचारत होता. खोटं बोलणं काही जमेना. "न्हाई सांगता यायचं," त्या पडेल आवाजात म्हणाल्या.

"बराबर हाय!" बहिरूने दोन्ही कानांना हात लावले. "असलं नाव चारचौघांत घ्यायचं नसतं!"

दुपारी गाडी जुंपली. आज सासूने इंद्रायणीला चुलीजवळ फिरकू दिलं नव्हतं. आईशेजारी पाटावर बसवून मायलेकींना शिरा वाढला होता. आई गाडीत चढताना लेकीने हळूच विचारलं, "आये, खरंच कंचं झाड गं ते?"

"तोडू कुटं दिलं मला?" धोंडाबाई दातओठ खात म्हणाल्या. "पन मी बी सोडायची न्हाई. शिमग्याला परत येते बघ."

तोच ओसरीवरून चिमाबाईंचा आवाज आला. त्या शेजारणीला सांगत होत्या, "नाव मातर आमच्या इहीणबाईंनी एकट्या मलाच सांगितलंया. पन मी न्हाई बाई कुनाला सांगायची."

धोंडाबाईंनी गाडीवानाला थांबवलं. क्षणभर त्यांना खरोखरच वाटलं, खाली उतरावं आणि विहीणबाईंनाच नाव विचारून घ्यावं.