पंपाची तब्येत

बिट्टीने बनवलेली डबी पंपाला कान लावायची आणि नुसत्या आवाजावरून त्याची तब्येत सांगायची. पंप धडधाकट असेल तर हिरवा दिवा, मोडायच्या बेतात असेल तर लाल. डॉक्टरसुद्धा आधी जीभ बाहेर काढायला लावतो, माझी डबी तेवढंही मागत नाही, असं ती ऑफिसात छातीठोकपणे सांगत फिरायची. इंजिनिअर होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती, पण तोरा असा, की जणू पंपाचा शोधच हिने लावलाय!

मोठ्या साहेबांनी मात्र सरळ सांगून टाकलं होतं. आज तीन वाजता गिऱ्हाइकांसमोर डबी चालली, तर ह्या कामासाठी बिट्टीला स्वतंत्र खोली आणि हाताखाली माणसं. नाही चालली, तर पुन्हा खालच्या मजल्यावर बसून पंपांच्या माहितीपुस्तिका तपासायच्या. त्या पुस्तिकांमधले स्वल्पविराम वेचून वेचून ती मेटाकुटीला आली होती. तिथे परत जायचं तिच्या अगदी जिवावर आलं होतं.

सकाळी तिने सहज म्हणून डबी एका कोऱ्या करकरीत पंपाला लावून पाहिली. लाल! दुसऱ्या नव्या पंपाला लावली. तोही लाल!  पण डोक्याला हात लावून बसणाऱ्यांतली बिट्टी नव्हेच. डबीला तिने आवाज ऐकवून ऐकवून शिकवलं होतं. आजारी पंपांचे आवाज कारखान्यातले घेतले होते आणि निरोगी पंपाचे घरचे, कारण घरी पाण्याचा पंप नुकताच नवा बसवला होता. घरचे ते आवाज तिने हेडफोन लावून पुन्हा ऐकले. पंपाची छान गुणगुण चालली होती. आणि त्या गुणगुणीमागे, अगदी तालासुरात, घुर्रर्र... फुस्स. घुर्रर्र... फुस्स.

बाबा! घरचा पंप खिडकीखाली होता, तो दुपारी चालायचा, आणि दुपारी बाबा त्याच खिडकीपाशी आरामखुर्चीत झोपायचे. बिचारी डबी एवढंच शिकली होती, की घोरणं ऐकू आलं म्हणजे पंप ठणठणीत.

आता डबीला नव्याने शिकवायला वेळ नव्हता. रेकॉर्ड केलेलं घोरणं तिने ऑफिसच्या स्पीकरवर लावून पाहिलं, पण तो स्पीकर इतका खरखरला, की दिवा काही लालचा हिरवा होईना. मग तिने ठरवलं, आजची वेळ मारून न्यायची, उद्यापासून सगळं नीट करायचं. तिने घरी फोन लावला.

"बाबा, आज तीन वाजता ऑफिसला याल? तुमच्याशिवाय माझं काम अडलंय."

खरं कारण सांगायला तिची जीभ रेटेना. बाबांनी आपल्या परीने अर्थ लावून घेतला. प्रमुख पाहुणे! पोरीच्या जडणघडणीवर बापाने चार शब्द बोलायचे असणार! कडक इस्त्रीचा शर्ट आणि चकचकीत बूट घालून ते वेळेआधीच हजर झाले. बिट्टीने त्यांना पंपाशेजारी सगळ्यात मऊ खुर्ची दिली, पाठीमागे उशी सरकवली, पंखा बारीक केला. बाबा आपले ताठच्या ताठ! ओठांतल्या ओठांत भाषण घोकत होते. जरा डोळा लावता का, असं तिने विचारलं, तर म्हणाले, आजच्या दिवशी झोप कसली.

गिऱ्हाइकं आली, पंप सुरू झाला, डबी लावली. लाल. साहेबांच्या कपाळावर आठ्या चढल्या. वेळ काढायला बिट्टी म्हणाली, की साहेबांनी आधी कंपनीची वाटचाल सांगितली तर बरं होईल. एवढं म्हणायचा अवकाश, साहेब सुरू! पहिली शेड, तिचं छप्पर, त्या छपराला लागलेली परवानगी, परवानगीला लागलेला उशीर... बाबांची मान एकदा डुलली, पुन्हा सावरली, पुन्हा डुलली. साहेब दुसऱ्या शेडच्या पायापर्यंत पोचले आणि घुर्रर्र... फुस्स.

हिरवा!

साहेबांचा चेहरा असा खुलला, की काही विचारू नका. त्या भरात त्यांनी भंगारातला पंप आणवून त्याला डबी लावायला सांगितली. तो सुरू होताच खडखडायला लागला, थरथरला आणि धूर ओकू लागला. बाबांची झोप काही मोडली नाही. दिवा हिरवाच. एका गिऱ्हाइकाने नाकाला रुमाल लावून विचारलं, हा निरोगी का?

बिट्टीला स्वतःचीच लाज वाटली. तिने पंप बंद केला.

"साहेब, डबी पंप ऐकतच नाहीये. ती माझ्या बाबांचं घोरणं ऐकतेय."

मग तिने सगळं सांगून टाकलं, अगदी उशीसकट. गिऱ्हाइकं पोट धरून हसायला लागली. त्या हशाने बाबा दचकून जागे झाले. सगळे आपल्याकडेच बघताहेत म्हटल्यावर ते उठले, शर्ट सारखा केला आणि बोलायला लागले.

"हिने सातव्या वर्षी घरातलं घड्याळ उघडलं. ते आजतागायत बंद आहे, पण तेव्हापासून ही थांबलेली नाही. मोडतोड भरपूर करते. पण मोडलं की स्वतः येऊन सांगते, लपवून ठेवत नाही."

बिट्टीने मान खाली घातली. तिचे डोळे भरून आले होते. बाबा पुढेही बरंच बोलले आणि गिऱ्हाइकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. बाबा सगळ्यांशी हस्तांदोलन करत असताना साहेब हळूच तिच्याजवळ आले. खोली तुझी, म्हणाले, आता डबीला पहिल्यापासून शिकव, आणि आवाज घेताना आसपास कुणी झोपलेलं नाही एवढं बघ.

घरी जाताना बिट्टीचे पाय जमिनीवर नव्हते. बाबा मात्र जरा खट्टू दिसत होते. काय झालं, असं तिने विचारलं.

"भाषणात म्हणावा तसा रंग भरला नाही गं. दुपारची झोप बुडाली ना आज. पुढच्या वेळी आधी सांग, मस्त झोप काढूनच येईन."