नऊ टक्क्यांचं प्रकरण

मी आबेलार्दो कित्यान. ला पाल्मिता गावात माझ्या तोडीचा गुप्तहेर दुसरा नाही. तसा दुसरा गुप्तहेरच नाही, पण तो माझा दोष नव्हे. लोक मला घड्याळजी समजतात. घड्याळं मी केवळ पोटासाठी दुरुस्त करतो. आजवर अकरा प्रकरणं हाताळली. त्यांतली सात अजून चालू आहेत.

बारावं प्रकरण माझी भाची मार्लेनी घेऊन आली. ती नगरपालिकेत असते. पुलाखाली नदीच्या पाण्याची उंची मोजणारी एक पेटी टांगली आहे, ती तिच्या ताब्यात. पाणी किती खाली आहे, ते पेटी तळाच्या डोळ्यातून बघते. पाणी चढलं की पेटी भोंगा वाजवते.

"मामा, पेटीच्या पडद्यावर नऊ टक्के दिसलं म्हणून सोमवारी नवाकोरा लिथियमचा सेल घातला. तरी नऊच. आणखी एक नवा घातला. तरी नऊच."

"मग चार्ज कर."

"हे सेल चार्ज होत नाहीत, एकदाच वापरायचे. आणि सातावर आलं की पेटी आपोआप झोपते. वर डोंगरात पाऊस लागलाय. काठावर चाळीस घरं आहेत, त्यात आजी."

आजी म्हणजे माझी आई. दोन महिने ती खाटेवरून उठलेली नव्हती. मी टोपी घातली.

आधी मी मीटर लावला. पहिला नवा सेल: तीन पूर्णांक सहा व्होल्ट. दुसरा नवा: तेवढेच. तीन वर्षं राबून काढून टाकलेला जुना: तोही तेवढेच.

"तिन्ही साक्षीदारांची जबानी शब्दशः एक," मी म्हणालो. "यांना कोणीतरी पढवलंय."

"मामा, हे सेल शेवटपर्यंत तेवढेच व्होल्ट दाखवतात आणि मग एकदम कोसळतात."

"म्हणजे ढोंगीसुद्धा आहेत," मी वहीत लिहिलं.

संशय सरळ दुकानदार एउक्लिदेसवर जात होता. मी त्याला गाठून विचारलं, "जुने सेल नव्या वेष्टनात घालून विकतोस?"

तो हिशेबाच्या वहीतून मान वर न करता म्हणाला, "माझं भिंतीवरचं घड्याळ दोन वर्षांपासून तुझ्याकडे आहे. त्याचा शोध आधी लाव."

तो धागा मी तिथेच सोडला.

मग मला उलगडलं: थंडी! गारठ्यात सेल मलूल पडतो, हे शास्त्र आहे. मी अंगावरची लोकरी रुआना काढली आणि पेटीला तळापासून घट्ट गुंडाळली. बिचाऱ्या पेटीला वाटलं, पाणी थेट नाकाशी आलं.

भोंगा वाजला. चाळीस घरं कोंबड्या-डुकरांसह टेकडीवरच्या चर्चकडे धावली. माझी आई तिसरी पोचली.

खरी गोष्ट कळल्यावर लोक मला काय काय म्हणाले, ते वहीत लिहिलेलं नाही. पडद्यावर मात्र आता आठ टक्के होते.

पुलाजवळ ओतिलियाबाईंची खानावळ आहे. मार्लेनी तिथे सूपचं भांडं पुढ्यात घेऊन रडायच्या बेतात बसली होती. बाई सिलिंडर बदलून भिंतीवरच्या कोळशाच्या रेघा ओल्या फडक्याने पुसत होत्या.

"या कसल्या रेघा?" मार्लेनीने विचारलं.

"गॅस किती उरला ते आचेवरून कळतं का? आच शेवटपर्यंत तशीच. म्हणून रोज एक रेघ मारते. नवा सिलिंडर आला की पुसते. नाही पुसल्या तर भिंत म्हणेल, गॅस संपत आला."

मार्लेनीचा चमचा थांबला. बाई म्हणाल्या, "तुझी पेटी रेघाच मारत असेल गं. पुसल्यास का?"

मार्लेनी धावली. पेटीच्या झाकणाच्या आत एक बटण होतं. त्यावर लिहिलं होतं: 'नवा सेल घातल्यावर दाबा.' तिने दाबलं. शंभर टक्के.

मी वहीत लिहिलं: आरोपी, बटण.

संध्याकाळी सहाला नदी खरोखरच फुगली आणि भोंगा खरोखरच वाजला. काठावरचं एकही माणूस हललं नाही. "कित्यान पुन्हा पुलावर गेला असेल," म्हणून त्यांनी दारं लावून घेतली.

मी तेव्हा घरी पाय शेकत होतो. तसाच अनवाणी निघालो आणि दारोदार ओरडत सुटलो, "मी इथे आहे! नीट बघा, मी पुलावर नाही!"

पहिलं दार आईने उघडलं. तिने मला नखशिखान्त न्याहाळलं. "खरंच नाहीयेस," ती म्हणाली आणि चपला घालून निघाली. मग बाकीची दारं उघडली.

पाणी एकवीस घरांत शिरलं. घरांत कोणी नव्हतं. गुन्ह्याच्या जागी गैरहजर राहून गाव वाचवणारा गुप्तहेर माझ्याआधी झाला असेल, असं मला वाटत नाही.