सासऱ्यांची गाडी आणि जोडलेले हात

सासरे चार वाजता गाडी न्यायला येणार होते आणि गाडी सकाळी अकरापासून ‘टक्’च्या पुढे जायला तयार नव्हती. गोकुळने किल्ली फिरवली की टक्. देवाचं नाव घेऊन फिरवली तरी टक्. पुंडलिकनगरातल्या त्या शांत गल्लीत रविवारी एवढासा आवाजही त्याला वैजापूरपर्यंत ऐकू जाईल असं वाटत होतं.

वैजापूरला त्याचे सासरे कडूबाअप्पा राहत. दारात फरशीचं काम निघालंय म्हणून त्यांनी महिन्यासाठी गाडी जावयाकडे आणून लावली होती. जाताना बजावलं होतं, “रोज सकाळी एकदा चालू करायची. नुसती चालू. चालवायची नाय.” लग्नात गोकुळने याच गाडीचं दार जरा जोरात लावलं, तेव्हा अप्पा भर मांडवात म्हणाले होते, “जावईबापू, ट्रॅक्टर नाय ती.” त्याला सहा वर्षं झाली, तरी गोकुळ अजून घरातलं कपाटसुद्धा हळू लावतो. गाडी बंद पडेल या धास्तीने तो ती रोज एकदा नव्हे, आठ-दहा वेळा चालू करून बघायचा. घाबरलेला माणूस आजारी माणसाला दर पाच मिनिटांनी उठवून “बरं वाटतंय का?” विचारतो, तसला प्रकार.

गॅरेजवाला फोनवर म्हणाला, “आज सुट्टी. उद्या बघू.” उद्यापर्यंत गोकुळ जिवंत राहण्याची शक्यता कमी होती. त्याने शेजारच्या शफीकभाईंना हाक मारली. शफीकभाईंनी तीस वर्षं पाण्याच्या मोटारी दुरुस्त केल्या होत्या, त्यामुळे जगात जे जे फिरतं ते आपल्याला कळतं असा त्यांचा समज होता.

“हॉर्न मार,” ते म्हणाले. हॉर्न दणदणीत वाजला. दिवेही लख्ख लागले. “हौ, म्हणजे बॅटरी ठीक. टक् वाजतंय, म्हणजे करंट बी पोचतोय. स्टार्टरची मोटर फिरत नाय. कार्बन घासले आसतील. खोलावं लागंल.”

“खोलायचं? शफीकभाई, मामा माझी कातडी खोलतील!”

“न खोलता दिली तर काय हार घालतील?”

शफीकभाईंनी बॅटरीची वायर सोडली, गाडीखाली आडवे झाले आणि तासाभराने स्टार्टर काढून ओट्यावर वर्तमानपत्रावर ठेवला. आत खरंच कार्बनचे तुकडे झिजून खडीसाखरेएवढे राहिले होते. “इतके कसे घासले रे? दिवसातून कितींदा चालू करत होतास?” त्यांनी विचारलं. गोकुळने ऐकलं नसल्यासारखं केलं.

शफीकभाईंच्या मेहुण्याचं, अफजलचं, पार्टचं दुकान होतं. त्याला जेवणावरून उठवून कार्बन आणवले. ते बसवून, आतला गाळ पुसून स्टार्टर पुन्हा जोडेपर्यंत तीन वाजले. आता गाडीत बसवण्याआधी तो बॅटरीला लावून बघायचा होता.

“घट्ट धर. लई झटका मारतो ह्यो,” शफीकभाई म्हणाले.

झटका हा शब्द ऐकल्यावर गोकुळने तो दोन बोटांनी धरला. वायर टेकली मात्र, स्टार्टर घर्रकन फिरला, ओट्यावरून उडाला आणि अंगणात साडीवर वाळत घातलेल्या कुरडयांमधून लोळत तुळशीपाशी जाऊन थांबला.

“अहो!” गोकुळची बायको तनुजा बाहेर धावली. “दोन दिवस गहू भिजवला होता मी! अप्पांबरोबर आईला द्यायच्या होत्या त्या!”

“फिरतोय, फिरतोय!” शफीकभाई आनंदाने ओरडले. तनुजाने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते लगेच गाडीखाली गेले आणि स्टार्टर बसेपर्यंत बाहेर आलेच नाहीत. शेवटचा बोल्ट आवळला, बॅटरी जोडली, बॉनेट खाली आलं आणि किल्ली फिरवून बघणार तोच गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. पावणेचारच वाजले होते. शफीकभाई मागच्या दाराने घरी गेले.

गोकुळचे हात मनगटापर्यंत काळे होते. धुवायला वेळ नव्हता. अप्पा फाटकात आले तसे त्याने दोन्ही तळवे घट्ट जोडले. “रामराम मामा.”

“रामराम, रामराम.” अप्पा खुर्चीवर बसले. गोकुळ हात जोडून उभाच. पाणी झालं, चहा आला. गोकुळने चहाला मानेनेच नकार दिला.

“बसा की जावईबापू. किती येळ नमस्कार करताव?”

“तुम्ही आलात, लई बरं वाटलं मामा,” गोकुळ म्हणाला. त्याने हात आणखी आवळले.

अप्पा उठून गाडीकडे गेले, आत बसले, किल्ली लावली. गोकुळने डोळे मिटून घेतले. टक् ऐकायला त्याने कान टवकारले होते, पण गाडी घर्र करून पहिल्याच झटक्यात चालू झाली.

त्याने डोळे उघडले. अप्पांचा चेहरा पडला होता.

“पयल्याच झटक्यात?” ते पुटपुटले. “आत या जरा. दार लावा.”

गोकुळने हळूच दार लावलं. आता उघडं पडलं, असं त्याला वाटलं. पण अप्पा समोरच बघत होते.

“स्टार्टर कुरकुरत व्हता, म्हणून तर इथं कशीबशी आणून लावली. म्हणलं, इथंच मरंल.” त्यांचा आवाज अगदी खाली आला. “दोन महिन्यामागं हायवेला कंटेनर असा घासून गेला. तवापासून स्टेरिंग धरलं का पाय लटपटतेत. अन् उद्या तुमच्या मामीला माहेरी न्यायचंय, चितेगावला. तिच्या म्होरं कसं म्हणू, मला भ्या वाटतं म्हणून? तुम्हीच फोन लावा. सांगा, गाडी बंद पडली.”

सहा वर्षांत पहिल्यांदाच गोकुळला या माणसाची माया आली. ज्याला भ्यायचं, तोच भ्यालेला. त्याने काळ्याच हातांनी सासूबाईंना, लक्ष्मीबाईंना, फोन लावला.

“मामी, गाडीचा स्टार्टर गेलाय. अजिबात चालू होईना... आवाज? शेजारी मिक्सर लावलाय.” अप्पांनी धडपडत किल्ली बंद केली.

पलीकडून सासूबाई हलक्या आवाजात बोलल्या, “खरंच बंद पडली? देवच पावला बाई. आवं, त्यांच्या शेजारी बसायचं म्हणलं का मला जीव मुठीत धरावा लागतो. मी येष्टीनं जाईन. दुरुस्त करू नका लवकर. अन् ह्यांना यातलं काय बी सांगू नका, मन मोडंल.”

“बरं मामी,” गोकुळ म्हणाला आणि फोन ठेवला.

अप्पा त्याच्याकडे धास्तावून बघत होते. “काय म्हणली? लई चिडली का?”

“लई चिडल्यात मामा.”

“चिडणारच,” अप्पांनी पाठ ताठ केली. “तिला माझ्याच गाडीत बसायची लई हौस.”