'माजी सभासद' यांस काढून टाकणेबाबत

दप्तरबुवांनी नष्ट केलेला कागद पुन्हा कुणाच्या नजरेस पडला, असं एकोणीस वर्षांत एकदाही घडलं नव्हतं! बुवा एका मोठ्या कचेरीच्या अभिलेख कक्षाचे प्रमुख होते. कक्षात एकूण ते, एक शिडी आणि कागद फाडायचं यंत्र. कागदांचे चार वर्ग. 'अ' म्हणजे कायम जतन, मग 'ब', मग 'क', आणि 'ड' म्हणजे वर्षभरात यंत्राच्या घशात. हा 'ड' वर्ग बुवांचा भारी लाडका. "आपण पुसलं की पुसलं!" हे ते रोज एकदा तरी म्हणत. समोर कुणी नसलं तर शिडीला ऐकवत.

अशा माणसाला एका सकाळी चहाचा ठसका लागला, कारण बायको सहज म्हणाली, "अहो, मी कुंडी-कट्ट्यावर नाव नोंदवलंय."

कुंडी-कट्टा म्हणजे घरात झाडं लावणाऱ्यांचा ऑनलाइन अड्डा. बुवांची बायको छापखान्यात मुद्रितशोधक होती. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि घरी येऊन झाडांना पाणी घालायचं, हा तिचा दिनक्रम. दिवाणखान्यात कुंड्या सत्तेचाळीस! आता झाडवेडी बाई झाडांच्या कट्ट्यावर गेली तर ठसका लागायचं काय कारण?

कारण होतं. आठ वर्षांपूर्वी बुवांनी त्याच कट्ट्यावर गुपचूप नाव नोंदवून एकच प्रश्न विचारला होता: बायकोला संशय न येता रबराचं झाड मारायचं कसं? ते झाड तिच्या वडिलांनी दिलेलं. ते इतकं माजलं होतं, की बुवांच्या आरामखुर्चीवर त्याची पानं टेकत आणि वर्तमानपत्र आधी झाड वाचायचं! उपाय मिळाला. रोज एक पेला मिठाचं पाणी. झाड सव्वीस दिवसांत गेलं. बायको दोन दिवस रडली आणि बुवांनी तिची समजूत काढली. खूप छान काढली.

"तुम्हाला काय झालं?" तिने विचारलं.

"चहा गरम आहे!" बुवा म्हणाले.

दुपारच्या सुट्टीत त्यांनी कट्टा उघडला. 'खातं काढून टाका' हे बटण सापडलं. 'नक्की?' असं विचारलं गेलं. बुवांनी यंत्राचा खटका ओढावा तशा जोरात 'होय' दाबलं! 'तुमचं खातं काढून टाकलं आहे.' खाली बारीक अक्षरांत आणखी दोन ओळी होत्या. पण बारीक अक्षरांना चष्मा लागतो आणि चष्मा डब्याच्या पिशवीत होता.

"पुसलं की पुसलं!" बुवा शेजारच्या टंकलेखिका बाईंना म्हणाले.

"काय पुसलं?"

"काही नाही! तेच तर!"

आठवडा मजेत गेला. मग एका संध्याकाळी बायको मोबाइल बघून स्वतःशीच हसली. दुसऱ्या दिवशीही हसली. तिसऱ्या दिवशी तर लाजली! लग्नाला बावीस वर्षं झालेली बाई लाजली म्हटल्यावर बुवांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"कोण आहे?"

"कट्ट्यावर एक जण आहे. निवडक ओळींच्या पानावर त्याच्या कितीतरी ओळी आहेत. ऐका ना. 'पाणी किती घालावं, हे झाडालाच विचारावं. मातीत बोट घालावं आणि उत्तर येईपर्यंत थांबावं.' किती समजूतदार माणूस! आणि हे बघा. 'झाडांमुळे बसायला जागा नाही, अशा घरात मी उभं राहायलाही आनंदाने येईन.'"

"येईन म्हणे!" बुवा उसळले. "कुणी बोलावलंय? नाव काय त्याचं?"

"माजी सभासद."

बुवांच्या डोळ्यांसमोर माणूसच उभा राहिला. कुठल्यातरी समितीचा माजी सभासद! पद गेलं, पण मिरवणं गेलं नाही. पांढरेशुभ्र कपडे, काळ्याभोर मिशा आणि दिवसभर काम काय, तर लोकांच्या बायकांना ओळी लिहिणं! बुवांना मत्सर झाला. साधासुधा नव्हे, कानांतून वाफ निघावी असा मत्सर!

"जुन्या ओळी आहेत हो," बायको म्हणाली. "मी दोनदा लिहिलं त्याला. उत्तरच देत नाही. भिडस्त असेल."

भिडस्त! बुवांना बावीस वर्षांत ती 'घुम्या' सोडून काही म्हणाली नव्हती. गप्प बसणं तेच, पण त्याचं ते भिडस्त!

दुसऱ्या सकाळी बुवांनी ती दिसेल अशा बेताने एका कुंडीत बोट घातलं आणि उत्तर येईपर्यंत थांबले. उत्तर लगेच आलं. कुंडी निवडुंगाची होती!

"अहो, काय करताय?"

"विचारतोय त्याला!" बुवा कळवळून म्हणाले.

बोटाला पट्टी बांधून ते कचेरीत गेले. टंकलेखिका बाईंना सगळं सांगितलं. अर्थात 'माझ्या एका मित्राच्या बायकोचं' म्हणून. बाई पट्टीकडे बघत म्हणाल्या, "मित्राला म्हणावं, रीतसर तक्रार करा."

रीतसर! हा शब्द बुवांच्या रक्तातला. त्यांनी 'एक हितचिंतक' या नावाने नवं खातं उघडलं आणि भर कट्ट्यावर तक्रार ठोकली. 'विषय: माजी सभासद नामक इसमास कट्ट्यावरून काढून टाकणेबाबत. सदर इसम विवाहित महिलांची मने वळवीत असून सदर बाब गंभीर आहे. सबब सदर इसमाचे पद, पत्ता व मिशा यांची चौकशी व्हावी.'

कट्ट्याच्या चालकाचं उत्तर तासाभरात आलं.

'हितचिंतक, माजी सभासद हा कुणी इसम नाही. खातं काढलं की लेखन राहतं, फक्त नावाच्या जागी माजी सभासद असं येतं. कट्टा सोडून गेलेले सगळेच माजी सभासद. खातं काढताना ही सूचना दिसते.'

खाली तेहतीस जणांनी हसून घेतलं होतं. बुवांनी लाजेने तेही खातं काढून टाकलं. मग एकदम त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. सोडून गेलेले सगळे माजी सभासद? म्हणजे आपणही! ज्याच्यावर कालपासून जळतोय, तो पदरात आयताच पडलाय! मिशावाल्यानेही खातं काढलंय. त्याचं नाव गेलं. आता हे कौतुक बेवारस आहे, आणि बेवारस गोष्ट ताब्यात घ्यायला बुवांना हातातलं काम टाकून धावत घरी जावंसं वाटलं. ते धावलेच!

"अगं, तो माजी सभासद म्हणजे मी!"

बायको बघतच राहिली. बुवांनी खात्याचं, नावाचं, सगळं समजावलं.

"म्हणजे ते मातीत बोट?"

"माझंच!" त्यांनी पट्टी पुढे केली.

"आणि उभं राहायलाही आनंदाने येईन?"

"मीच! रोज उभाच असतो की!"

तिचे डोळे भरून आले. तिने पट्टी बांधलेला हात हातात घेतला. "इतकं सुंदर लिहिता आणि बावीस वर्षांत मला एक ओळ नाही? घुमे कुठले!"

त्या 'घुमे'त एवढी माया होती, की बुवांना वाटलं, आत्ताच खरं सांगून टाकावं. पण हात सोडवेना.

"थांबा," ती डोळे पुसत म्हणाली. "ही ओळ तुम्ही कशावर लिहिली होती, बघू. इथे 'मूळ चर्चा' असं बटण आहे."

"नको!" बुवा ओरडले. बटण दाबून झालं होतं.

ती वाचू लागली. छापखान्यात वाचते तशी, एकेक अक्षर सुटं करून. "'सदर पत्नीने दिवाणखान्यात झाडे वाढविली असून बसावयास जागा नाही. सदर रबराचे झाड पत्नीस संशय न येता नष्ट करणेबाबत उपाय कळवावा.' लिहिणारा, माजी सभासद." ती थांबली. "खाली उत्तर. 'अहो, मारू नका. झाडांमुळे बसायला जागा नाही, अशा घरात मी उभं राहायलाही आनंदाने येईन.' हाही माजी सभासद. त्याखाली मिठाचा उपाय सांगणारा कुणी तिसरा. आणि शेवटी, 'उपाय केला. सदर झाड मयत. आभारी आहे.'"

सत्तेचाळीस कुंड्या कान टवकारून ऐकताहेत, असं बुवांना वाटलं.

"तुम्हीच विचारलंत आणि तुम्हीच उत्तर दिलंत?"

"मनाशी संवाद!" बुवा पुटपुटले. मग घाईघाईने म्हणाले, "नाही, नाही! वरचा माजी सभासद दुसराच कुणीतरी! खालचा मी!"

"वरच्याने, शेवटचे आभार धरून, तीनदा 'सदर' लिहिलंय. खालच्याच्या एकाही ओळीत नाही. मी पोटासाठी हेच काम करते हो." तिने त्यांचा हात सोडला. "माझ्या बाबांनी दिलेलं झाड होतं ते. आणि तुम्ही माझे डोळे पुसत होतात."

बुवांनी पट्टीचा हात पाठीमागे नेला. लाज वाटली. मत्सरापेक्षाही जास्त वाटली.

दुसऱ्या दिवशी दिवाणखान्यात, जिथे रबराचं झाड उभं असायचं तिथे, एक फाइल दिसली. आत त्या चर्चेची छापील प्रत. वर तिच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'अ वर्ग. कायम जतन.'

तेव्हापासून सत्तेचाळीस कुंड्यांना पाणी बुवा घालतात. नवं रबराचं झाडही त्यांनीच आणलं, म्हणजे आता अठ्ठेचाळीस. आरामखुर्ची तिच्याकडे गेली. परवा बुवा झारी घेऊन उभे असताना ती खुर्चीत बसून मोबाइल बघत होती, आणि हसली.

"कोण आहे?" बुवांनी भीत भीत विचारलं.

"माजी सभासद."

"मी?" त्यांचा चेहरा उजळला.

"तुम्ही नाही हो," ती मान वर न करता म्हणाली. "चांगला."