चौकशीच्या टेबलावर मी

आमच्या घरात दोन माणसं हट्टी आहेत. एक मी आणि दुसरी अकरावीतली माझी मुलगी. (बायकोला हट्ट करावाच लागत नाही.)

मुलीला चपलांच्या दुकानात रविवारची नोकरी मिळत होती. फॉर्मवर पालकाची सही तेवढी हवी होती, शनिवारी संध्याकाळच्या आत.

"सही मिळणार नाही," मी ठणकावलं. "करिअर करायचंय ना? मग हॉस्पिटलात स्वयंसेवक हो. सेवेनं माणूस घडतो."

"तुम्ही कधी केलीय सेवा, बाबा?"

"या शनिवारी करून दाखवतो!"

बायकोनं चहाचा कप खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. तेव्हाच मी गप्प बसायला हवं होतं.

शनिवारी मला चौकशीच्या टेबलावर बसवलं. येईल त्याला खोली सांगायची, एवढंच काम. टेबल, खुर्ची, समोर रांग! सव्वीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केलेला माणूस मी. मला अगदी घरच्यासारखं वाटलं, आणि घोटाळा तिथंच झाला.

"डोळ्यांचे डॉक्टर कुठं बसतात हो?" एका आजोबांनी विचारलं.

"साहेब जेवायला गेलेत. उद्या या." (शपथेवर सांगतो, तोंडातून आपोआप गेलं.)

आजोबा निमूट परत फिरले. मग पुढचे. पाय मुरगळलेल्या एका बाईंना तर मी अर्ज दोन प्रतींत आणायला सांगितला. तासाभरात रांग साफ! इतका झपाटा मी आयुष्यात दाखवला नव्हता.

स्वयंसेवकांच्या प्रमुख बाई धावत आल्या. "अहो, वर चार डॉक्टर माशा मारत बसलेत! पेशंट गेले कुठं?"

एवढ्यात मुलगी फॉर्म घेऊन आली. बसस्टॉपवर ताटकळलेली गर्दी तिनं येतानाच पाहिली होती; माझा चेहरा पाहून तिला सगळं कळलं. ती तशीच पळत बसस्टॉपवर गेली आणि आजोबांसकट सगळ्यांना परत घेऊन आली.

"बाबा, उठा," म्हणून ती खुर्चीत बसली. "आजोबा, आधी टेका जरा. आता सांगा, काय होतंय?"

अर्ध्या तासात जो तो आपापल्या डॉक्टरसमोर होता.

"हे कुठं शिकलीस गं?"

"चपलांच्या दुकानात. काल ट्रायल होती. गिऱ्हाइकाला आधी बसवायचं, मग पाय बघायचा."

माझा ऊर भरून आला, खरंच. मी तिथंच सही केली. प्रमुख बाईंनीही तिला दर शनिवारी यायला सांगितलं, आणि ती आनंदानं हो म्हणाली. म्हणजे दोन्ही हट्टी माणसांचं म्हणणं राहिलं.

पण मी चिकाटीचा माणूस. सेवा केली, तर तिचं प्रमाणपत्र नको? प्रमुख बाईंकडे मागायला गेलो. त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "साहेब जेवायला गेलेत. उद्या या."

गेले सोळा दिवस मी रोज जातोय.