गायकवाडकाका आणि ओला खांब

ठाण्याच्या एका हॉलमध्ये माझ्या मेहुणीच्या लग्नात अक्षता पडत होत्या आणि आमचे गायकवाडकाका खांबाला कान लावून उभे होते. बोटाच्या पेरानं टकटक, मग कान, मग पुन्हा टकटक. मुलाकडचे एक गृहस्थ घाबरून म्हणाले, "त्यांना चक्कर येतेय का?"

"नाही हो," मी म्हटलं, "खांबाला येतेय का, ते बघतायत."

काका आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकटेच राहायचे. एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांनी नोकरीभर एकच काम केलं, काँक्रीटचे ठोकळे फोडायचं. कोरडे ठोकळे, पाण्यातून काढलेले ठोकळे, काही यंत्रात हळूहळू दाबून, काही वरून घण सोडून. त्यामुळे जगातल्या कुठल्याही संकटावर त्यांचा एकच प्रश्न असे, "हळू भार की झटका?" कुणाचा मुलगा नापास झाला तरी हेच आणि कुणाची सून माहेरी निघून गेली तरी हेच. मधुमेह त्यांच्या मते हळू भार होता.

आमच्या पार्किंगमधला मागचा खांब मात्र त्यांना झोपू देत नसे. शेजारचा पाइप गळून गळून तो बारमाही ओला, वर शेवाळ. काका प्रत्येक मीटिंगला उठायचे आणि खांबाचं नाव काढायचे. सेक्रेटरी मी. माझंही एक ठरलेलं वाक्य होतं, "पुढच्या मीटिंगला घेऊ."

मग एका दुपारी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात स्फोट झाला. आमच्या सगळ्या काचा फुटल्या, माझ्या घराचं दार बिजागरीतून निखळलं. सगळे जिने उतरून पळालो. खाली येऊन बघतो तर ओल्या खांबाला साधा ओरखडा नाही.

"काका, तुमचा आजारी खांब तर पैलवान निघाला!" चौथ्या मजल्यावरचे भोईर खांब थोपटत म्हणाले.

"निघणारच," काका म्हणाले. "एकदम झटका बसला की आतल्या पाण्याला हलायला वेळच मिळत नाही. ते भेगेच्या दोन्ही कडा धरून ठेवतं. ओलं काँक्रीट झटका जास्त सोसतं."

"म्हणजे ओला खांब चांगला?"

"झटक्याला. रोजच्या ओझ्याला नाही. हळूहळू दाबलं तर कोरड्याच्या आधी ओलंच फुटतं. मी आयुष्यभर फोडलेत."

हे शेवटचं ऐकायला कुणी थांबलं नव्हतं. मी थांबलो होतो. तरी मीटिंगच्या वहीत मी लिहिलं, 'जाणकारांच्या मते ओला खांब धक्का अधिक सोसतो. सबब दुरुस्ती तूर्त पुढे ढकलण्यात येत आहे.' काकांनी चष्मा वर करून ते दोनदा वाचलं.

"अरे, अर्धंच लिहिलंस तू," एवढंच म्हणाले. त्यानंतर ते मीटिंगला आले नाहीत.

उलट पुढच्याच आठवड्यात त्यांनी बापटकाकूंशी घरांची अदलाबदल केली. काकू ऐंशीच्या, पायांनी अधू, बरोबर त्या खांबावरच्या पहिल्या मजल्यावरच्या घरात एकट्या. त्या काकांच्या घरी गेल्या, काका त्यांच्या. कारण विचारलं तर काका खांबावर टकटक करू लागले. "खांबाजवळ बिऱ्हाड थाटलं," असं म्हणून आम्ही पोट धरून हसलो.

दिवाळीनंतरच्या एका कोरड्या, शांत सकाळी काका थाळी बडवत जिन्यातून वर आले. "खाली चला! आत्ताच्या आत्ता!" त्यांचा तो आवाज कुणी कधी ऐकला नव्हता. भोईरांनी आणि त्यांनी काकूंना खुर्चीसकट उचलून आणलं. आम्ही रस्त्यावर पोचलो आणि मागे सुकी लाकडं मोडावीत तसा आवाज झाला. खांब पोटातून फाटला, वरचं काकूंचं घर खचलं. काकांच्या गाद्या, भांडी, सगळं त्यात गेलं. माणूस एकही गेलं नाही. पण पालिकेनं इमारतीला सील ठोकलं, पुढे ती पाडली, आणि आम्ही जो तो मिळेल तिथे पांगलो.

"काका, तुम्ही सांगत होतात," मी म्हणालो.

"मला सांगता आलं नाही रे. ठोकळे फोडायला बोलावं लागत नाही."

काकूंच्या परदेशातल्या मुलानं त्यांना फोनवरूनच कल्याणजवळच्या वृद्धाश्रमात ठेवलं. महिन्याभरानं, केवळ मनाला टोचणी लागली म्हणून, मी तिथे गेलो. खाटेशेजारच्या स्टुलावर काका संत्रं सोलत बसले होते. दर रविवारी येतात, कोपरीतल्या भाड्याच्या खोलीतून, असं तिथली बाई म्हणाली.

काकूंनी मला ओळखलं. "बघा ना," त्या कौतुकानं सांगू लागल्या, "यांना माझ्या खोलीत कसलंसं मोजमाप घ्यायचं होतं. म्हणाले, काकू, थोडे दिवस माझ्या घरी राहा. इतका अभ्यासू माणूस, नाही कसं म्हणणार?"

मी काकांकडे पाहिलं. ते संत्र्याच्या बिया काढत होते. इमारतीची मागची बाजू खचली ती काकूंना रस्त्यावरून दिसली नव्हती, आणि पुढे ती पाडल्याचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"अहो गायकवाड," काकूंनी विचारलं, "झालं का मोजून? मी घरी कधी जाऊ?"

काकांनी सोललेली फोड त्यांच्या हातावर ठेवली.

"थोडंसंच राहिलंय, काकू."